चिलखत सांध्यात असतं

मागच्या हिवाळ्यात नववीच्या मुलांची एका दिवसाची सहल काढली. लांब जाण्याइतके पैसे जमले नव्हते. पण आम्ही कात्रजकर, त्यामुळे सकाळी घराजवळचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आणि दुपारी शहरात बाजीराव रस्त्यालगतचं राजा दिनकर केळकर संग्रहालय, असा बेत ठरला. माझ्या वर्गात काही मुलं घरी दखनी बोलतात, काही मराठी. मी दोन्ही भाषा शिकवतो, म्हणून दोन्हीकडची मुलं माझ्याशी मोकळेपणाने बोलतात. सगळंच बोलतात असं नाही, हे त्या दिवशी कळलं.

केळकर संग्रहालयात मगरीच्या कातडीचं आणि खवल्यांचं चिलखत आहे. सकाळी कात्रजला जिवंत मगर पाहिलेली मुलं त्या काचेसमोर थांबली. मागून एकाचा आवाज आला, "अरे, ही तर तुझी वर्दी!" सगळा वर्ग हसला. ज्याला उद्देशून ते वाक्य होतं, त्या मुलाची त्वचा जन्मापासून खवल्यांसारखी आहे. हातांवर, मानेवर, कपाळावर तपकिरी, चौकोनी पापुद्रे. वर्गात त्याला "मगर" म्हणतात, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. मी ओरडलो. हसणं थांबलं, पण ओरडण्याने दुसरं काही साधलं नाही.

परतीच्या बसमध्ये तो माझ्याशेजारी बसला. स्वारगेट मागे पडल्यावर खिडकीबाहेर बघतच म्हणाला, "सर, मगरीला तिच्या खवल्यांचा उपयोग होतो. मला काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे काही आठवडे मी ते शोधत होतो. हा लेख म्हणजे तो शोध आहे. त्याला आणि त्याच्या अम्मींना विचारूनच लिहितो आहे, नाव मात्र देत नाही.

मगर, साप आणि कासव

सुरुवात कात्रजपासूनच करू. इथलं सर्पोद्यान 1986 चं, आणि त्याला सामावून घेणारं प्राणिसंग्रहालय 1999 चं. खवले किती तऱ्हांचे असतात हे एका फेरीत बघायला पुण्यात याहून चांगली जागा नाही.

मगरीच्या पाठीवरच्या खवल्यांखाली हाडाच्या लहान लहान चकत्या असतात. प्रत्येक चकती टणक, पण दोन चकत्यांच्या मध्ये मऊ कातडी. म्हणून एवढं जड जनावर पाण्यात शेपूट वळवत सहज पोहतं. सापाचं वेगळं. त्याचे खवले सुटे नसतात, एकाच सलग त्वचेच्या त्या जाड झालेल्या घड्या असतात. दोन खवल्यांमधली पातळ त्वचा ताणली जाते, म्हणून साप स्वतःच्या डोक्याहून मोठं भक्ष्य गिळू शकतो. आणि कात टाकतो तेव्हा ती मोजा उलटा काढावा तशी सलग निघते, सुटे खवले गळून पडत नाहीत.

कासवाने तिसरा मार्ग घेतला. त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणाच कवचाला जोडले गेले. पाठीला सांधा राहिला नाही, म्हणून मजबुती आली. आणि सांधा राहिला नाही म्हणूनच चपळाई गेली. संरक्षण हवं आणि हालचालही हवी असेल, तर एक मोठा तुकडा कामाचा नाही. लहान तुकडे लागतात, ते एकमेकांवर थोडे चढलेले असावे लागतात आणि त्यांच्यामध्ये वाकणारं काहीतरी लागतं.

हे आपण रोज बघतो. कोकणातल्या उतरत्या छपरावरची कौलं अशीच बसवतात, वरच्या कौलाची कड खालच्यावर चढलेली. मच्छीवाला रोहू साफ करताना सुरी शेपटीकडून डोक्याकडे ओढतो, कारण उलट दिशेने गेलं तरच खवल्याखाली धार शिरते. डोक्याकडून शेपटीकडे ओढली तर सुरी घसरते. वार अडवण्यापेक्षा तो घसरवून लावणं हे खवल्यांचं पहिलं काम.

कड्या आणि पाती

माणसाने ही युक्ती फार आधी उचलली. असिरियाच्या राजवाड्यांतल्या शिल्पपटांत, म्हणजे अडीच हजारांहून जास्त वर्षांपूर्वी, सैनिकांच्या अंगावर लहान पात्यांचे अंगरखे दिसतात. चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ 1998 मध्ये चुनखडकाच्या पाट्या धातूच्या तारेने बांधून केलेली चिलखतं सापडली. ती लढाईसाठी नव्हती, मृत्यूनंतरच्या प्रवासासाठी होती. पण खऱ्या चिलखताची बांधणी दगडात जशीच्या तशी उतरलेली आहे.

बांधणीचे मुख्य प्रकार तीन. पहिल्यात पाती कापडावर किंवा चामड्यावर शिवतात. दुसऱ्यात पाती कशावरही न शिवता वादीने किंवा दोऱ्याने एकमेकांनाच बांधतात. मध्य आशियापासून जपानपर्यंत ही पद्धत चालली. तिसऱ्यात पातीच नसतात, फक्त लोखंडी कड्या. एकेक कडी चार कड्यांतून ओवलेली. याला फारसीत आणि उर्दूत जिरह म्हणतात.

आपल्या मुलुखात यातलं काही एकत्रही झालं. छातीवर, पोटावर आणि पाठीवर लोखंडी पात्यांच्या ओळी, आणि त्या ओळींना जोडणाऱ्या कड्यांच्या जाळ्या. हेच जिरह-बख्तर. पातं वार घसरवतं, जाळी अंगाला वाकू देते. मुघलांकडे, दख्खनच्या सुलतानांकडे, राजपुतांकडे आणि मराठ्यांकडे, सगळीकडे हीच बांधणी दिसते. असा एक अंगरखा साधारण आठ ते बारा किलोचा. त्याखाली रुईभरला जाड कुडता घालावा लागे, नाहीतर वार अडला तरी त्याचा धक्का बरगडीपर्यंत पोचणारच. सामान्य शिपायाला लोखंड परवडत नव्हतं. त्याचं चिलखत म्हणजे तो रुईभरला कुडताच.

इथे मला सूरह सबा आठवते. हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्यासाठी लोखंड मऊ केलं गेलं आणि त्यांना जिरह बनवायला सांगितलं गेलं, हे आपल्याकडे लहान मुलांनाही माहीत असतं. पण त्या हुकुमात भर कशावर आहे हे मी इतकी वर्षं वाचूनही नीट पाहिलं नव्हतं. लोखंड जाड घ्या असं तिथे सांगितलेलं नाही. कड्यांच्या गुंफणीत माप राखा, असं सांगितलं आहे. "सर्द" हा तिथला शब्द ओवण्या-गुंफण्याचा आहे. लोहाराच्या कामातली खरी अवघड गोष्ट तीच. कडी मोठी झाली तर बाणाचं टोक आत जातं, लहान झाली तर अंगरखा ताठ होतो.

चिलखत कोणाचं?

संग्रहालयात एका मुलाने दुसरा प्रश्न विचारला होता. "सर, हे चिलखत आपलं की त्यांचं?" त्याच्या मनात "आपलं" म्हणजे कोणाचं, हे मी विचारलं नाही. माझ्या वर्गात त्याचे दोन अर्थ होऊ शकतात, आणि दोन्ही ऐकायची त्या दिवशी माझी तयारी नव्हती. आता उत्तर देतो.

आधी शब्द पाहू. जिरह आणि बख्तर फारसीतून आले. अबुल फजलच्या ऐन-ए-अकबरीत शस्त्रागाराची यादी आहे, त्यात जिरह आहे, बख्तर आहे, चार आरशांसारख्या चार पत्र्यांचं चार-आईना आहे, जोशन आहे आणि चिहिलकद नावाचा एक अंगरखाही आहे. चिहिल म्हणजे चाळीस. हे नाव मोठ्याने म्हणून पाहा, आपल्या "चिलखत" शब्दाचा नाद त्यात ऐकू येतो. शिवाजी महाराजांच्या चित्रांमुळे घराघरात पोचलेला "जिरेटोप" हा शब्दही जिरह आणि टोप यांचा जोड. त्यातल्या "जिरे"चा स्वयंपाकघराशी संबंध नाही.

राज्याभिषेकानंतर महाराजांच्या सांगण्यावरून रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला. कारभारात रुळलेल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणं हा त्याचा हेतू. त्यात शस्त्रांसाठी वेगळा वर्ग आहे. हा कोश म्हणजे एका नव्या राज्याने आपली भाषा घडवण्याचा गंभीर प्रयत्न होता, आणि त्याकडे त्याच आदराने पाहायला हवं. पण तो होऊन साडेतीन शतकं लोटली तरी मराठी माणूस चिलखतच म्हणतो. सैन्याच्या बातमीत "चिलखती दल" असतं, "चिलखती वाहन" असतं. कवच हा शब्दही आहे, पण तो अंड्याला, नारळाला आणि विमा योजनेला गेला. भाषेने दोन्ही शब्द ठेवले आणि कामं वाटून दिली.

आता वस्तू पाहू. प्रतापगडाखालच्या 10 नोव्हेंबर 1659 च्या भेटीवरून आपल्याकडे एवढी भांडणं झाली आहेत की त्यातलं चिलखत बाजूलाच राहतं. महाराज अंगात चिलखत घालून गेले होते आणि खानाचा वार त्यावर खरवडत गेला, असं सभासदाच्या बखरीत येतं. वार आत शिरला नाही, खरवडत गेला. बखरकाराने नेमकं तेच टिपलं आहे जे रोहूच्या खवल्यावर सुरीचं होतं. त्या दिवशी महाराजांच्या निवडक सोबत्यांत सिद्दी इब्राहिम होता आणि खानाच्या बाजूने वकिली करणारे कृष्णाजी भास्कर होते, हे आपल्या वाचकांना मी नव्याने सांगायला नको.

तीस वर्षांनंतरची गोष्ट मात्र कमी माहीत आहे. बिकानेरचे महाराज अनुपसिंह औरंगजेबाच्या सैन्यातून दक्षिणेत लढत होते. 1689 च्या सुमारास अदोनीच्या किल्ल्यातून पुष्कळ शस्त्रं आणि चिलखतं बिकानेरच्या शस्त्रागारात गेली. तिथे त्यांच्यावर ठिपक्याठिपक्यांनी देवनागरीत नोंदी कोरल्या गेल्या. म्हणजे वस्तू आदिलशाही दख्खनची, बांधणी इराणकडची, जिंकणारा राजपूत राजा मुघलांच्या चाकरीतला, आणि वरचं अक्षर देवनागरी. आता सांगा, हे चिलखत आपलं की त्यांचं? त्यातली एखादी ओळ "त्यांची" म्हणून काढून टाकली, तर तिथे भोक पडेल आणि बाण तिथूनच आत येईल.

खवल्यांची हाव

केळकर संग्रहालयातल्या त्या चिलखताला दुसरी बाजूही आहे. जनावराचं संरक्षण माणसाने अंगावर चढवलं, पण त्यासाठी जनावर मेलं. याचं सर्वांत दुःखद उदाहरण खवल्या मांजराचं. त्याच्या खवल्यांवर सोन्याचं काम करून बनवलेलं एक हिंदुस्थानी चिलखत 1820 च्या सुमारास इंग्लंडच्या राजाकडे भेट म्हणून गेलं. आज ते तिथल्या लीड्स शहराच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात आहे.

राजांची हौस संपली, पण औषधाच्या नावाखाली हाव उरली. हे खवले उगाळून घेतल्याने रोग बरे होतात या समजुतीपायी जगभर या प्राण्याची कत्तल झाली. खवला बनतो केराटिनचा. आपली नखं आणि केसही त्याचेच. ते उगाळून गुण येत असता, तर न्हाव्याच्या दुकानात दवाखाना निघाला असता. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने या प्राण्याला संरक्षण दिलं आहे. कोकणात चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था त्याच्यासाठी काम करते. संकट आलं की हा प्राणी अंगाचा चेंडू करतो. वाघाला त्याने अडतं, पण पोत्यात टाकून नेणाऱ्या माणसाचं कामच सोपं होतं.

वीट आणि चुना

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो.

आपल्या प्रत्येकाच्या अंगावर एक चिलखत आहे. त्वचेचा सर्वांत वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो. पंधरा-वीस पेशी एकीवर एक रचलेल्या, सगळं मिळून कागदाहून पातळ. शास्त्रज्ञ याला विटांच्या भिंतीची उपमा देतात. पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. तो चुनाही पापुद्र्यांच्या थरांनीच बसलेला असतो. अंगातलं पाणी आत आणि जंतू बाहेर ठेवण्यात या चुन्याचा वाटा फार मोठा.

शिंपल्याच्या आतली चकाकती बाजू अशीच आहे. तिथे वजनाने साधारण 95 टक्के खनिजाच्या सूक्ष्म पाट्या असतात. ते खनिज एकटं घेतलं तर खडूसारखं फुटेल. उरलेल्या 5 टक्क्यांत पाट्यांना धरणारा सेंद्रिय पदार्थ असतो. तडा गेला तर त्याला प्रत्येक पाटीला वळसा घालत जावं लागतं, आणि तो वाटेतच दमतो. शिंपला टिकतो तो त्या 5 टक्क्यांमुळे.

या मुलाला जो त्रास आहे त्याचं नाव लॅमेलर इक्थिओसिस. पहिल्या शब्दाच्या मुळाशी पातळ पाती हा अर्थ आहे, दुसऱ्याच्या मुळाशी मासा हा ग्रीक शब्द. पुष्कळ रुग्णांमध्ये दोष असतो तो एका विकरात, म्हणजे एन्झाइममध्ये. त्या विकराचं कामच मुळी जोडण्याचं. ते प्रथिनांना एकमेकांशी बांधतं आणि त्यांच्यावर स्निग्ध थर बसवायला मदत करतं. ते नीट चाललं नाही की विटा भरपूर तयार होतात, पण चुना धरत नाही. शरीर आणखी विटा रचत जातं, खवले जाड होत जातात आणि तरी पाणी उडून जातच राहतं. घामाची वाट बंद झाल्याने उन्हाळ्यात अंग तापतं. भेगा पडतात, त्यातून जंतू शिरतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं याच्या अंगावर जाड चिलखत आहे. खरं तर त्याचं चिलखत तुमच्या-माझ्याहून कमजोर आहे.

हा रोग स्पर्शाने पसरत नाही. एका बाकावर बसल्याने, एका ताटात जेवल्याने, गळाभेटीने होत नाही. तो आईवडिलांच्या जनुकांतून येतो, आणि दोघांकडूनही सदोष जनुक मिळालं तरच दिसतो. असे दोघे एकत्र आले तर प्रत्येक मुलामागे चारात एक शक्यता. जवळच्या नात्यात लग्न झालं असेल तर दोघांकडे तेच जनुक असण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे चुलत, मामे, आत्ये भावंडांत लग्नं होतात. मराठी हिंदू घरांतही मामाची मुलगी करण्याची रीत जुनी आहे. शरियतमध्ये अशा लग्नाला मुभा आहे, सक्ती नाही. घराण्यात आधी असा आजार असेल, तर लग्न ठरवण्याआधी डॉक्टरांकडून जनुकीय सल्ला घेण्यात धर्माची कुठलीही आडकाठी मला दिसत नाही. आणि मूल जन्मल्यावर आईला दोष देणं तर निव्वळ जुलूम आहे. या मुलाच्या अम्मींनी चौदा वर्षं ते ऐकलं. "ग्रहणात सुरी धरली असशील," इथपर्यंत.

इलाज मुळापासून नाही, पण आराम आहे. दिवसातून अनेकदा अंगाला मलम लावणं, अंघोळीनंतर त्वचा ओली असतानाच लावणं, उन्हात न थांबणं, आणि बाकीची औषधं त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने. मलम म्हणजे काय? जो चुना शरीराला घालता येत नाही, तो बाहेरून घालायचा.

आठवडाभर तयारी करून मी हा धडा वर्गात घेतला, त्या मुलाचं नाव न घेता. फळ्यावर मगर, कौलारू छप्पर, जिरह-बख्तर आणि विटांची भिंत अशी चार चित्रं काढली. 1965 च्या लढाईतल्या हवालदार अब्दुल हमीद यांची गोष्टही सांगितली. उघड्या जीपवरच्या तोफेने त्यांनी खेमकरणच्या आघाडीवर पॅटन रणगाडे फोडले होते. मुलांनी लगेच विचारलं, एवढं जाड पोलाद फुटलं कसं? मी म्हणालो, जाडी हे संरक्षणाचं एक अंग आहे, सगळं नव्हे. आज रणगाड्यांची चिलखतंही एका जाड पत्र्याची नसतात. वेगवेगळ्या पदार्थांचे थर त्यात एकत्र बसवलेले असतात.

मग मलमाचं सांगितलं. वर्ग शांत होता. "वर्दी" म्हणणारा मुलगा तास संपल्यावर टेबलापाशी आला आणि म्हणाला, "सर, त्याची जागा पंख्याखाली करायची का? तिथे मीच बसतो."

जागा बदलली. मधल्या सुट्टीआधी पाच मिनिटं त्याला मलम लावायला मिळतात, आणि एप्रिलमध्ये त्याच्या बाकावर फवाऱ्याची एक बाटली असायची. ती कोण भरून ठेवत होतं, हे मी कधी विचारलं नाही. वर्गातून "मगर" हा शब्द पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही. पण परवा दहावीच्या पहिल्या आठवड्यात तो स्वतःच मला सांगत होता, "सर, त्या दिवशी तुम्हाला विचारलं होतं ना, मला काय उपयोग म्हणून? खवल्यांचा काही नाही. पण आता पंख्याखाली बसतो."